गुरुजी येईपर्यंतचा दगड

लखनौत इंग्लंड बांधायचं ठरलं, तेव्हा त्याला जागा मिळाली ती सरोजिनी नगरात, कानपूर रोडपासून थोडं आत, टायरच्या एका गोदामामागे. इंग्लंडची एकंदर लायकी पाहता जागा वाईट नव्हती, असं प्राध्यापक दिनकर सबनीसांचं मत पडलं. पण सबनीसांचं मत हे असंच पडायचं. इमारत पाहिली की ते आधी नाक मुरडत आणि मग चष्मा लावत.

एकतीस वर्षं त्यांनी आर्किटेक्चरच्या पोरांना पाश्चात्त्य वास्तुकलेचा इतिहास शिकवला होता. त्या पोरांनी पुढे कानपूर रोडला ग्रीक खांबांचे बंगले आणि रोमन कमानींची नर्सिंग होम बांधली. सबनीस अलीगंजहून स्कूटरवर निघाले की वाटेतला एकेक विद्यार्थी त्यांना इमारतीवरून ओळखू येई. 'हा नापास व्हायला हवा होता,' असं म्हणत ते पुढे जात. त्या रस्त्यावर एकूण अकरा जण नापास व्हायला हवे होते.

स्वतः सबनीसांनी आयुष्यात एकच इमारत मनापासून पाहिली होती. १९८६ साली शिष्यवृत्तीवर ते चार महिने इंग्लंडात राहिले आणि नेदर कॉम्बली नावाच्या खेड्यातलं सेंट ऑस्विन चर्च त्यांनी फुटपट्टी आणि दोरी घेऊन इंच न् इंच मोजलं. गावात माणसं दोनशे, मेंढ्या चौदाशे आणि चर्च साडेआठशे वर्षांचं. गारगोटीच्या भिंती. मधलं लांब दालन सगळ्यात जुनं, गोल नॉर्मन कमानींचं. पुढे पाद्र्याचा भाग, त्याच्या कमानी टोकदार, कारण तोवर दीडशे वर्षं उलटली होती आणि फॅशन बदलली होती. मग लोकरीच्या धंद्यात गाव गबर झालं, तेव्हा पश्चिमेला चौकोनी मनोरा चढला आणि भिंतभर रुंद खिडक्या आल्या. १८७१ साली एक उत्साही पाद्री आला, त्याने भिंतींवरची जुनी चित्रं अस्वच्छ दिसतात म्हणून खरवडून काढली आणि फरशी बदलली. त्या पाद्र्याचा उल्लेख सबनीस वर्गात 'तो गाढव' असाच करीत, आणि पोरं परीक्षेतही तसंच लिहीत.

या मोजणीचे बारा मोठे कागद झाले. ते कुणी छापले नाहीत. अलीगंजच्या घरात पत्र्याच्या नळकांड्यात घालून ते कपाटावर ठेवलेले होते आणि शुभदाताई दर दिवाळीला नळकांडं पुसून विचारत, "हे जायचंय का आता?"

ते न्यायला शेवटी राजस मोहोळकर आला.

राजस हा रेल्वेतल्या मोहोळकरांचा मुलगा. जन्म चारबागच्या क्वार्टर्समधला, त्यामुळे मराठी सगळं कळायचं आणि बोलताना मध्येच कुठेतरी उतरून जायचं. त्याच्या मालकीची लग्नाची दोन लॉन होती. तिसरं त्याला वेगळं हवं होतं.

"काका, पब्लिक राजवाड्याला बोअर झालीय," तो सोफ्यावर मांडी घालून म्हणाला. "जिकडे जा तिकडे राजवाडा, दोन हत्ती आणि एक दरबान. मला इंग्लंडचं गाव पाहिजे. एकदम शांत, सुकून वालं. आणि गाव म्हटलं की चर्च आलंच ना?"

"तुला चर्च बांधायचंय?"

"नाही नाही! चर्च नको. चर्चसारखं पाहिजे. आतून एसी बँक्वेट."

सबनीसांनी दाराकडे पाहिलं. त्याला कोणत्या शब्दांत बाहेर काढावं याचा ते विचार करत होते. शब्द सापडलेही होते. पण तेवढ्यात राजस म्हणाला, "सब लोग नेटवरून उचलतात. मला ऑथेंटिक पाहिजे. आणि दारावर पितळेची पाटी लावणार. संशोधन : प्राध्यापक दि. वि. सबनीस."

माणूस सगळ्या जगाला तुच्छ लेखत असला तरी पितळेला सहसा तुच्छ लेखत नाही. नळकांडं कपाटावरून खाली आलं.

दोन तास सबनीस बोलले. त्यांनी मनोरा सांगितला, खिडक्या सांगितल्या, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र सांगितलं. उत्तरेचं छोटं दार सांगितलं, जे बाप्तिस्म्याच्या वेळी उघडं ठेवत, म्हणजे पोराच्या अंगातला सैतान तिकडून बाहेर पडे. दक्षिणेच्या दारापुढची दगडी पडवी सांगितली. "आणि लक्षात ठेव, त्या काळी गावातली लग्नं आत नाही, या पडवीत लागत. दारात उभं राहून. सगळ्या गावासमोर."

राजस फोनमध्ये बघत होता. "हं, हं. आतमध्ये एसी आहे ना काका, पडवीत कोण उभं राहील." मग त्याने शेवटचा कागद ओढला. "अरे, हे काय आहे? किती क्यूट!"

ते आवाराच्या तोंडाशी असलेलं फाटक होतं. ओकच्या चार जाड खांबांवर दोन्हीकडे उतरतं छोटं छप्पर, आणि छपराखाली मधोमध कमरेएवढा उंच, माणसाच्या लांबीचा दगड.

"याला लिचगेट म्हणतात."

"आणि हा दगड कशासाठी?"

आता इथे सबनीसांनी सरळ उत्तर दिलं असतं, तर ही गोष्ट घडली नसती. गावातलं मयत आलं की खांदेकरी पावसापाण्यात या छपराखाली थांबत, शवपेटी त्या दगडावर टेकवत आणि पाद्री चर्चमधून येऊन पहिली प्रार्थना म्हणेपर्यंत वाट पाहत. दगडाचा उपयोग एवढाच. पण पडवीला नाही म्हणून फोनमध्ये बघणाऱ्या या पोराला हे सांगावं, एवढी त्याची पात्रता सबनीसांना दिसेना.

"टेकवण्यासाठी," ते म्हणाले. "गुरुजी येईपर्यंत."

"कोणाला टेकवायचं?"

"ज्याचा समारंभ असेल त्याला."

"वाह, काका!" राजसचे डोळे भरून आले. "म्हणजे दुल्हन!"

सबनीसांनी ना हो म्हटलं ना नाही. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली आणला नाही.

*

सेंट ऑस्विन उभं राहायला सातशे वर्षं लागली. राजसचं सात महिन्यांत झालं. गारगोट्या फायबरच्या होत्या. वास्तुशास्त्रवाल्याने मनोरा पश्चिमेवरून नैर्ऋत्येला सरकवला आणि त्याच्या पोटात पाण्याची टाकी बसवली. बाप्तिस्म्याच्या पात्रात चॉकलेटचं कारंजं आलं. सैतानाच्या दारातून पुरुषांच्या स्वच्छतागृहाकडे वाट गेली, आणि सबनीसांच्या मते मूळ हेतूशी प्रामाणिक राहिलेला तो एकच भाग होता. दक्षिणेच्या पडवीत पानी के बताशेवाल्याचं, म्हणजे लखनवी पाणीपुरीवाल्याचं, काउंटर लागलं.

फाटक मात्र हुबेहूब झालं. लाकूड खरं, दगड खरा, मापं सबनीसांची. बाजूला पितळेची पाटी. उद्घाटनाला सबनीस तिथे उभे राहिले आणि पहिली नवरी त्यांच्या देखत त्या दगडावर बसवली गेली. चार भावांनी तिला उचलून ठेवलं. ती लेहंगा सावरून, पाय लांब करून बसली, आणि पंडितजी आतून मंत्र म्हणत तिला घ्यायला आले. छपरातून बटन दाबून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सबनीसांनीही वाजवल्या.

तेव्हापासून त्यांच्या निवृत्त आयुष्याला एक अर्थ आला. नात सावनीने त्यांना इन्स्टाग्राम लावून दिलं होतं. सकाळी चहाबरोबर ते लॉनचं पान उघडत. काल कोण टेकवली ते पाहत. कोणी डोळे मिटून, कोणी हात छातीवर घेऊन, एक तर चक्क पाठीवर आडवी, कारण फोटोग्राफरने ड्रोन वर नेला होता. सबनीस प्रत्येक फोटोवर बोट टेकवत आणि लाल बदाम उमटवत.

"काय बघून हसता एवढं?" शुभदाताई विचारत.

"नवऱ्या," सबनीस म्हणत.

"या वयात?"

"या वयातच कळतात."

विनोद कुणाला सांगायचा नाही, हीच त्याची खरी गंमत होती. अख्ख्या लखनौत तो समजणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे ते स्वतः. शहराबद्दल त्यांचं जे मत एकतीस वर्षं होतं, त्याला आता रोज सकाळी पुरावा मिळत होता. दोन वर्षं हे चाललं.

मग जानेवारीतल्या एका रविवारी सावनी तेलीबागहून आली. सावनी म्हणजे त्यांच्या ऋचाची मुलगी, वय सत्तावीस. साऱ्या घरात सबनीस जिच्याशी तुच्छतेने बोलत नसत ती ही एकटीच. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून त्यांनी काढलेले मनोरे रंगवायची, आणि अजून ती त्यांना जगातला सगळ्यात हुशार माणूस समजत होती. हा समज टिकावा म्हणून सबनीस बरंच काही करायला तयार असत. तिचं लग्न अनुप सक्सेनाशी ठरलं होतं.

"आजोबा, आँखें बंद करो."

"मला चक्कर येते."

"करो ना यार! सरप्राइज आहे." तिने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "वेन्यू बुक हो गया."

सबनीसांनी डोळे उघडले. फोनमध्ये ओकचे चार खांब होते, उतरतं छप्पर होतं आणि मधोमध दगड होता.

"मम्मी म्हणत होती मराठी समाजाचा हॉल घेऊ. मी म्हटलं, बिलकुल नहीं. आजोबांचं डिझाइन आहे. आणि तुम्ही तिथल्या एकाही फोटोला सोडलं नाहीये, मी सब देखती हूँ. हर दुल्हन को हार्ट!" तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "मैंने सोचा, माझे आजोबा एवढे रोमँटिक, आणि कोणाला माहीतच नाही. आता त्या दगडावर मी बसणार. मला तर तुम्हीच उचलून ठेवायचं, चारों मामा लोगों को बोल दिया मैंने."

शुभदाताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगं, यांना काय झालं? पांढरे पडलेत."

"इमोशनल हो गए," सावनी म्हणाली.

*

त्या आठवड्यात सबनीसांनी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दगड प्रेतासाठी आहे, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यावर बसलेल्या शेकडो पोरींना आपण बदाम दिले. ते बदाम म्हणजे रोमान्स नव्हे, रोज सकाळी चहाबरोबर खाल्लेली मजा होती. सावनी काय म्हणाली असती? बहुधा काहीच नाही. तिने फक्त त्यांच्याकडे पाहिलं असतं, त्यांनी ग्रीक खांबांकडे पाहावं तसं.

आणि न सांगावं, तर नातीला स्वतःच्या हातांनी उचलून तिरडीच्या जागेवर ठेवायचं.

शेवटी त्यांनी स्कूटर काढली आणि सरोजिनी नगर गाठलं. राजस चॉकलेटच्या कारंज्याची दुरुस्ती बघत होता.

"त्या दिवसापुरता दगड हलव," सबनीस म्हणाले.

"का बरं, काका?"

"दगडाला तडा आहे. धोका आहे."

"कुठे आहे तडा? मला पण दाखवा ना."

मग आयुष्यात पहिल्यांदाच सबनीसांनी आपल्या वर्गाबाहेरच्या माणसाला एखादी गोष्ट नीट, खालच्या आवाजात समजावून सांगितली. खांदेकरी, पेटी, पाऊस, पाद्री. सांगून झाल्यावर ते राजसच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्या चेहऱ्यावर आता काहीतरी कोसळायला हवं होतं.

"हाँ, ते माहीत आहे," राजस म्हणाला आणि कारागिराकडे वळला. "भैया, मोटर धीरे करो, छींटे आ रहे हैं."

"माहीत आहे? कधीपासून?"

"तुमच्याकडून निघालो ना, त्याच दिवशी. गाडीतच सर्च केलं. काका, मी करोडोंचं काम करतो, एवढं तर बघणारच ना यार."

"आणि तरी तू..."

"तरी काय? दगड सुंदर आहे. फोटो मस्त येतो. आणि हे लखनौ आहे, काका. इथे पोरं-पोरी रेसिडेन्सीत कबरींच्या मध्ये बसून प्रेम करतात. प्री-वेडिंग शूट इमामबाड्यात होतं, तिथे नवाबाची कबर आहे. मेलेल्यांचा इथे कोणाला त्रास होत नाही." त्याने सबनीसांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात फार आदराचा होता. "पहिल्या महिन्यात मी बदलणार होतो, खरंच. पण तुमचे हार्ट यायला लागले. रोज सकाळी साडेसहाला. मी बायकोला म्हटलं, राहू दे. रिटायर्ड माणूस आहे, एकटाच हसतो बिचारा. त्याची मजा का घालवायची?"

कारंज्यातून चॉकलेटचा एक थेंब उडून सबनीसांच्या चष्म्यावर बसला. तो त्यांनी पुसला नाही.

"दगड हलव, राजस."

"नाही हलत, काका. सक्सेनांनी ड्रोन शॉट सांगितलाय, पॅकेजमध्ये आहे. तुम्ही सावनीला सांगून टाका ना. ती नाही म्हणाली, तर मी लगेच झाकतो." तो निरागसपणे हसला. "फक्त मग हार्टचं पण सांगावं लागेल, नाही का?"

सबनीस परतले. वाटेत नापास व्हायला हव्या असलेल्या अकरा इमारती लागल्या. त्यांनी एकीकडेही पाहिलं नाही.

*

लग्न सकाळी अकरा चाळीसच्या मुहूर्तावर होतं. सक्सेनांकडची मंडळी कोटाच्या बाह्या मागे सारून सारखी घड्याळं पाहत होती. "दिन में शादी?" अनुपचे काका म्हणत होते. "ऐसा लग रहा है, फाइल जमा कराने आए हैं."

लखनौच्या मराठी लोकांची लग्नं लावणारे गुरुजी एकच, आणि तेही राहतात कानपूरला. त्यामुळे गुरुजी येईपर्यंत हा काळ इतर लग्नांत दहा मिनिटांचा असला, तरी मराठी लग्नात तासाभराचा असतो. सव्वाअकराला गुरुजींचा फोन आला, आपण अजून उन्नावच्या अलीकडेच अडकलो आहोत. म्हणजे सावनी तासभर त्या दगडावर.

सावनी हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून फाटकाशी आली. ड्रोन वर गेला. मामांनी बाह्या सरसावल्या. "आजोबा कुठे आहेत? आजोबांनी उचलायचंय!"

आजोबा दगडावर बसलेले होते.

सिल्कचा कुर्ता, खांद्यावर उपरणं, दोन्ही पाय लोंबते आणि दोन्ही हात दगडाच्या कडांवर घट्ट. बहात्तर वर्षांच्या माणसाने कमरेएवढ्या दगडावर चढायला काय केलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

"अहो, उतरा," शुभदाताई दातांतून म्हणाल्या. "सगळे बघतायत."

"गुडघा धरलाय."

"मग खुर्चीवर बसा!"

"इथेच बरं वाटतंय."

ऋचा आली, विनवून गेली. मामांनी काखेत हात घालून पाहिलं, पण सबनीसांनी दगड असा धरला होता की त्यांच्याबरोबर दगडही आला असता. अनुपचे काका मोठ्याने म्हणाले, "ये इनके यहाँ की रस्म है क्या?" आणि कुणीतरी पाहुण्यांत सांगूनही टाकलं की हो, मराठी लोकांत आजोबा आधी बसतात.

सावनी त्यांच्याजवळ आली, वाकली. "आजोबा, क्या हुआ? सच बताओ."

सबनीसांनी तिच्या मुंडावळ्यांकडे पाहिलं. 

"तुला भूक लागली असेल," ते म्हणाले. "सकाळपासून उपाशी आहेस. गुरुजींना वेळ आहे. त्या तिकडे, दक्षिणेच्या पडवीत, बताशेवाला आहे. जा, दारातच उभी राहून खा. सगळ्यांसमोर."

"शालू में?"

"शालूतच."

सावनीला भूक खरंच लागली होती. तिने एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा पडवीकडे, आणि शालू दोन्ही हातांनी उचलून ती पडवीकडे पळाली. तिच्या मागे अनुपही गेला. दोघं दगडी कमानीखाली, दारात उभी राहून एकाच द्रोणातले बताशे खाऊ लागली, आणि पाहुणे आपोआप त्यांच्याभोवती गोळा झाले. त्या लॉनवर दोन वर्षांत इतकी लग्नं झाली, पण जोडपं योग्य ठिकाणी उभं राहिलं ते पहिल्यांदाच. हे समजणारा एकच माणूस होता, आणि तो फाटकात अडकलेला होता. राजस मात्र कारंज्याजवळून हात जोडून त्यांच्याकडे पाहत होता, म्हणजे समजणारे दोघे होते.

गुरुजी सव्वाबाराला आले. घामाघूम, धुळीने भरलेले आणि मुहूर्त टळून गेल्यामुळे घाईत. लॉनच्या माणसाने त्यांच्या कानात पद्धत सांगितली : दगडावर जे असेल, त्याला मंत्र म्हणत हात धरून आत न्यायचं. गुरुजींनी चष्मा नीट केला. दगडावर सबनीस होते. गुरुजींना पुढे कानपूरला दुसरं लग्न होतं, त्यांनी जास्त चौकशी केली नाही. त्यांनी स्वस्तिवाचन सुरू केलं आणि सबनीसांचा हात धरला.

बटनवाल्याने मंत्राचा आवाज ऐकला आणि बटन दाबलं.

छपरातून पाच किलो गुलाबाच्या पाकळ्या सबनीसांच्या डोक्यावर पडल्या. स्पीकरवर सनई सुरू झाली. वर ड्रोन घोंगावत होता. चार मामांनी गुडघ्याचा विचार करून त्यांना अलगद उचललं आणि गुरुजींच्या मागे, मंत्रांच्या गजरात, सेंट ऑस्विनच्या दारातून आत नेलं. फाटक आणि दगड यांचा इतका अचूक वापर नेदर कॉम्बलीतही गेल्या शंभर वर्षांत झाला नसेल.

"निदान हात तरी हलवा," बाजूने चालणाऱ्या शुभदाताई म्हणाल्या. "लोक घाबरतायत."

सबनीसांनी हात हलवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी चहाबरोबर फोन उघडला. सावनीने फोटो टाकला होता. पाकळ्यांत बुडालेले सबनीस, डोळे मिटलेले, चार जणांच्या हातांवर. खाली तिने लिहिलं होतं : माझे आजोबा, दुनिया के सबसे रोमँटिक आदमी.

लाल बदाम तोवर एकच आला होता. राजसचा.